शायलोची सफाई

नात रुहीच्या दातांच्या तारा घट्ट करायला तिला आत नेलं होतं आणि सरला बाहेर, पाय जमिनीला जेमतेम टेकतील अशा खोल खुर्चीत, फोन चाळत बसली होती. शेजारी तिचा मुलगा नकुल मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काहीतरी करत होता. फ्रिस्कोला मुलाकडे राहायला आल्यापासून ती कोबर्न गावाचं फेसबुक पान रोज एकदा उघडायची. ॲलाबामातल्या त्या एवढ्याशा गावात तिचा सगळा संसार झाला होता. तिचा नवरा, डॉक्टर प्रताप तुळपुळे, तिथेच दवाखाना चालवत म्हातारा झाला आणि तिथेच गेला. आता त्या पानावर तिच्यासाठी उरलं होतं ते म्हणजे कोण वारलं, कोणाच्या शेडला आग लागली, शाळेची टीम हरली की जिंकली. त्या दिवशी कुणी वारलं नव्हतं. जुन्या रेल्वे डेपोत हेरिटेज सोसायटीनं म्युझियम उघडलं होतं, त्याचे फोटो होते. कापूस तोलायचा काटा, पायानं चालवायचं शिवणयंत्र, कुठल्याशा कर्नलचा कोट. बोटानं फोटो सरकवताना एक पुढे निघून गेला आणि तिनं तो परत मागे ओढला. काचेची पेटी, आत हिरवी मखमल, वरून नेमका उजेड, आणि त्या उजेडात तिचा वरवंटा. आधी तिला चक्क हसू आलं, परक्या एअरपोर्टवर अचानक पुण्यातलं शेजारचं माणूस दिसावं तसं. मग ते हसू गालातच राहिलं.

चूक होण्यासारखी नव्हती. एका टोकाची उडालेली कपची, मधोमध वाटून वाटून आलेली किंचित कंबर. पुण्यात दारावर पाट्याला टाकी लावायला येणाऱ्या बाईकडून आईनं घासाघीस करून घेतलेला काळा दगड. फोटोखालची पाटी तिनं मोठी करून वाचली. 'इंडियन पेसल', म्हणजे इंडियन बत्ता. 'अंदाजे इसवी सन बाराशे. शायलो सेमेटरीच्या सफाईत सापडलेला, इथल्या मूळ रहिवाशांच्या वापरातला दुर्मीळ नमुना.' इंडियन. तेवढा एकच शब्द खरा होता आणि तोही चुकून.

"नकुल," ती म्हणाली, "हा आपला वरवंटा आहे."

नकुलनं मान वाकडी करून बघितलं. "अरे, डेपो ओपन झाला? मस्त केलंय यार."

"मी काय म्हणतेय?"

"आई, असे दगड तिथे शेतातपण सापडतात. आर्टिफॅक्ट आहे तो. त्यांनी कुणा एक्स्पर्टकडून चेक करून घेतलं असेल ना."

"तो तुझ्या बहिणीच्या उशाशी रोवलेला होता."

नकुलचं बोट कळफलकावर तसंच राहिलं. "ते तर... ते हॉस्पिटलनंच सगळं केलं ना? बाबा तसंच म्हणाले होते एकदा."

बाबा तसं म्हणाले असतील. प्रतापला जे बोलायचं नसे ते तो हॉस्पिटलवर ढकलून द्यायचा. सरलानं फोन पालथा करून मांडीवर ठेवला. समोरच्या भिंतीवर हसणाऱ्या मुलांचे दात होते, पांढरे, सरळ, ओळीत. आईनं तो वरवंटा तिच्या बॅगेत साड्यांच्या घडीत गुंडाळून ठेवला होता. पाटा फार जड, तो राहू दे, पण हा ने, बारशाला लागेल, आई म्हणाली होती. बारशाला वरवंट्याला टोपडं घालायचं, बाळासारखा हातात घ्यायचा, पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींकडे द्यायचा, आणि मगच खरं बाळ पाळण्यात. कोबर्नमध्ये एकमेकींकडे द्यायला दुसरी बाई कुठून आणणार, असं गरोदरपणी तिनं प्रतापला विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, मी घेईन ना पदर. मुलगी झाली. तिचं हृदय नीट घडलं नव्हतं. प्रताप रात्रंदिवस तिच्या छातीला कान लावून बसला, बर्मिंगहॅमला फोन केले, आणि बारशाच्या आदल्या दिवशी ती गेली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, हे दोघांनाही कुणी सांगायला नको होतं. पुरायचं. कुठे? प्रताप ओकहिलला गेला, गावाच्या सेमेटरीत, जिथे संगमरवरी देवदूत होते आणि वर्षातून एकदा बँड वाजायचा. कमिटीचा अध्यक्ष त्याचाच पेशंट. त्यानं हॅट काढून छातीशी धरली आणि फार हळुवारपणे सांगितलं की डॉक्टर, इथल्या जागा कुटुंबांच्या असतात, आणि शिवाय तुमच्या लोकांची पद्धत निराळी असेल. प्रताप घरी आला आणि ऑपरेशनला जाताना धुतात तसे कोपरापर्यंत हात धूत राहिला. त्याला राग आला असं तिला वाटलंच नाही. तो म्हणाला, त्यांचंही बरोबर आहे. तेव्हापासून ते वाक्य सरलाच्या आत कुसळासारखं होतं, दिसत नाही, सापडत नाही, पण हात लागला की टोचतं. दवाखान्यात कपडे धुवायला येणारी लोरेटा संध्याकाळी मागच्या दारानं आली आणि म्हणाली, लेकराला झोपायला जागा तर लागतेच. ओढ्यापलीकडे शायलो चर्च होतं, काळ्या लोकांचं. लोरेटाच्या नवऱ्यानं खड्डा खणला. आपल्याकडे बायका जात नाहीत, पण सरला गेली. बाळाच्या डोक्याशी तिनं वरवंटा उभा रोवला, कारण दगडावर कोरायला नाव नव्हतं. नाव ठेवायचा दिवस आलाच नव्हता. लोरेटानं त्याभोवती पांढरे शिंपले मांडले. जीव पाण्यातून येतो आणि पाण्यातूनच परत जातो, ती म्हणाली. सरलाला ते कुणी मराठीत सांगितल्यासारखं कळलं.

"आजी, इट हर्ट्स," असं म्हणत रुही गालावर हात दाबून बाहेर आली, आणि सरला उठली.

घरी नकुलची बायको आश्लेषा म्हणाली, "आई, आधी एक छानसं ईमेल करूया ना. तुम्ही फोटो टाका, मी ड्राफ्ट करते." ती मनापासून म्हणत होती. छानसं ईमेल. सरलानं कोबर्नमध्ये जन्मभर छानसंच केलं होतं. ओकहिलच्या बाजूला घर घेतलं तेव्हा शेजारणीनं केक आणून विचारलं होतं की तुम्ही किती दिवस आहात, तेव्हा थँक यू म्हणाली होती. नकुलला शाळेत मुलं काय हाक मारतात ते कळल्यावर टीचरला थँक यू म्हणाली होती, लक्ष घातल्याबद्दल. दर मे महिन्यात मात्र ती लोरेटाबरोबर शायलोला जायची. त्या दिवशी तिथे सगळी घरं येत, थडग्यांवरचं गवताचं पातं न् पातं खुरप्यानं काढत, लाल माती अंगणासारखी झाडून काढत, शिंपले धुऊन परत मांडत. गेलेल्या माणसानं शेवटी वापरलेली बशी, कप, कंदील, औषधाची बाटली, सगळं त्याच्या अंगावर. गवत वाढू देणं म्हणजे घरच्यांनी टाकून दिलं असं ते मानत. नकुलला ती कधी घेऊन गेली नाही. प्रताप म्हणायचा, मुलाच्या डोक्यावर कशाला ते. लोरेटा गेल्यावर तिची मुलगी व्हर्नेल यायची. मग प्रताप गेला, आणि सरला फ्रिस्कोला आली, जिथे सगळं एवढं नवं आहे की कुणी मेलेलंच नाही असं वाटतं.

"ईमेल नको," ती म्हणाली. "मला तिकीट काढून द्या."

नकुल बरोबर आला. त्यानंच सगळं बुक केलं, बर्मिंगहॅमला गाडी घेतली, आणि कोबर्नपर्यंत तो ड्राइव्ह करत राहिला, मध्ये मध्ये म्हणत, "फक्त टोन जरा सांभाळ हं आई. ते लोक चांगले आहेत." ते लोक चांगले आहेत हे तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. डेपोच्या दारात हेरिटेज सोसायटीची अध्यक्ष कॅरोलिन उभी होती. प्रतापनं तिची दोन्ही मुलं गोवरातून काढली होती. तिनं सरलाला मिठी मारली, तिच्या केसांचा स्प्रे सरलाच्या गालाला चिकटला. "सरला! हनी! आणि हा नकुल? ओ माय, डॉक्टर टींचा चेहरा!" मग तिनं दोघांना हाताला धरून आत नेलं, पहिल्यांदा त्या पेटीपाशीच. "हा आमचा स्टार आहे. मोबील शहराहून एक जाणकार गृहस्थ आले होते, त्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं हा किती जुना ते."

सरला काचेपाशी उभी राहिली. तेल पाजल्यासारखा चकचकीत केला होता त्याला. माती कुठेही नव्हती. तिनं सांगितलं. थोडक्यात, इंग्रजीत, एकदाही न थांबता सांगितलं. कॅरोलिनच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं ते, आणि तेच सरलाला सोसेना. ती ओरडली असती, खोटं पाडलं असतं, तर बरं झालं असतं.

"किती सुंदर स्टोरी आहे ही," कॅरोलिन म्हणाली. "आपण पाटी बदलूया. डॉक्टर टींचा फोटो लावू, तुझा साडीतला एखादा असेल तर तो. फर्स्ट इंडियन फॅमिली ऑफ कोबर्न. शाळेची मुलं येतील बघायला."

"दॅट्स ॲक्चुअली अ नाइस आयडिया, आई," नकुल म्हणाला.

सरलानं त्याच्याकडे बघितलं. तो बापासारखा दिसत होता, अगदी त्या संध्याकाळच्या बापासारखा. "मला पाटी नको," ती म्हणाली. "मला तो हवा."

"बोर्डाला विचारावं लागेल गं. तो आता कलेक्शनमध्ये गेलाय."

"तो कलेक्शनमध्ये गेला नाही. तुम्ही लोकांनी तो उपटला. त्याच्याखाली माझी मुलगी आहे."

"आम्हाला कळलं कसं असतं? तिथे नावच नव्हतं, हनी. नाव असलेल्या एकाही दगडाला आम्ही हात लावला नाही. उलट धुऊन काढले. तू बघ तरी जाऊन, किती छान झालंय. पूर्वी काय ते जंगल होतं, फुटकी भांडी, बाटल्या."

जंगल. भिंतीवर ओकहिलच्या देवदूतांचा मोठा फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं की इतिहास जपणं हे आपलं कर्तव्य आहे. ती थँक यू न म्हणता बाहेर पडली. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल, आणि ते तिला पायऱ्या उतरल्यावर कळलं.

ओढ्यावरचा पूल तोच होता. पलीकडे गाडी थांबल्यावर तिला वाटलं की नकुलनं वळण चुकवलं. समोर गवत होतं. हिरवं, एकसारखं, गालिच्यासारखं आणून पसरलेलं, फ्रिस्कोच्या घरापुढे असतं तसं. त्यात दूर दूर उभे असलेले नावांचे दगड, पांढरे धुतलेले. मधलं काही नाही. लाल माती नाही, शिंपले नाहीत, टोकदार पानांची युक्काची झुडपं नाहीत, ज्यांच्या खुणेनं ती डोळे मिटून गेली असती. तिसऱ्या झुडपाच्या डावीकडे. पण झुडूपच नाही तर डावीकडे म्हणजे कुठे? ती गवतात चार पावलं गेली आणि थांबली. पाय कुठे पडतोय ते कळत नव्हतं. कुणाच्या अंगावर पडतोय ते कळत नव्हतं.

चर्चच्या ओसरीवरून व्हर्नेल उतरून आली. शाळेत शिकवून रिटायर झालेली, आईसारखीच रुंद खांद्यांची बाई. तिनं मिठी मारली नाही.

"बघितलंत, मिसेस टी?"

"तुम्ही करू कसं दिलंत?" सरलाच्या तोंडून निघून गेलं.

"करू दिलं?" व्हर्नेलचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आम्ही मीटिंगला गेलो होतो. बावीस जण. त्यांनी आमचे आभार मानले. ग्रँट मिळाली होती, काम सुरू करायचं होतं. आम्ही रविवारी चर्चला आलो तेव्हा ट्रक येऊन गेले होते. माझ्या आईच्या अंगावर तिची निळी परात होती. जन्मभर त्या परातीत तिनं पीठ मळलं. ती परात त्यांना कचरा वाटली. तुमचा दगड किमती वाटला म्हणून तो काचेत गेला. आणि तुम्ही इतक्या वर्षांनी आलात, त्याही दगडासाठीच."

नकुल काहीतरी बोलायला पुढे झाला. सरलानं हात आडवा धरला. तिच्या आत इतका वेळ जो राग होता तो तिला आपला एकटीचा वाटत होता, आईनं दिलेल्या वस्तूसारखा. आता तो पाय फुटल्यासारखा पसरत चालला, त्या गवतावरून, त्याच्याखाली निजलेल्या सगळ्यांवरून, आणि लोरेटाच्या परातीपाशी येऊन थांबला. ती निळी परात तिनं बघितली होती. त्या परातीतली बिस्किटं तिनं खाल्ली होती, बाळंतपणात, रुमालात गुंडाळून आणलेली, गरम.

"कुठे टाकलं ते सगळं?" तिनं विचारलं.

"काउंटीच्या रस्तेखात्याच्या आवारात, खडीच्या ढिगामागे. मी विचारायला गेले तर म्हणाले, लेखी परमिशन आण."

"चल."

"मिसेस टी, आज शनिवार आहे. तिथे कुणी नसेल."

"म्हणूनच."

फाटकाला साखळी होती, पण माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती. "आई, हे ट्रेसपासिंग आहे," नकुल म्हणाला. "सीरियसली. प्रॉपर चॅनलनं जाऊ ना." सरला तोवर आत गेली होती; साडी नाही, बरं झालं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. ढीग तिच्या उंचीचा होता. डांबराचे तुकडे, झाडांची मुळं, आणि त्यात दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखं सगळं एकत्र: कानतुटके कप, काचेच्या फुलदाण्या, कंदिलाच्या चिमण्या, घड्याळं, शिंपले, शिंपले, शिंपले. पावसानं भिजून वाळलेले. व्हर्नेलनं गाडीतून ताडपत्री आणली आणि जमिनीवर अंथरली. कुणी काही ठरवलं नाही. एकेक वस्तू काढायची, माती पुसायची, ताडपत्रीवर ठेवायची. व्हर्नेल काहींना नावानं ओळखत होती. हा चर्चच्या डीकन एमॉसचा चष्मा. ही चहाची बशी, माझ्या मावशीची. नकुल थोडा वेळ फाटकापाशी फोन हातात धरून उभा होता. मग तो आला, उगाच एक लहानसा सिमेंटचा तुकडा उचलला आणि उलटा केला. ओल्या सिमेंटमध्ये कुणीतरी गोट्या दाबून बसवल्या होत्या, रंगीत, वाकड्या ओळीत, लहान मुलाच्या थडग्यावरच्या, त्याच्या उंचीएवढ्या फरशीवर असाव्यात तशा. फरशीचा उरलेला भाग शोधायला तो गुडघ्यांवर बसला. मग त्यानं जॅकेट काढून लांब टाकलं आणि हातांनी माती उपसायला लागला.

"तिचं नाव काय ठेवणार होतात?" त्यानं वर न बघता विचारलं.

"ठरवलं होतं," सरला म्हणाली. "पण ते कानात सांगायचं असतं. तुला नाही सांगणार."

त्यानं मान हलवली आणि खणत राहिला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कॅरोलिनची गाडी फाटकाशी थांबली. कुणीतरी तिला कळवलं असणार. कोबर्नमध्ये एवढं सगळ्यांना लगेच कळतं. तिनं किल्लीनं साखळी उघडली, किल्ली होती तिच्याकडे, आणि पांढऱ्या चपलांनी चिखल चुकवत आली. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी बाळासारखं धरलेलं. "मी पेटी उघडवली," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. बोर्डाचं मी बघते, ते मला नाही म्हणणार नाहीत. घे, आणि घरी जा, हनी. या वयात हे ऊन बरं नाही."

सरलानं हात पुढे केले. ते तिच्या आधीच पुढे गेले होते. टॉवेल बाजूला झाला आणि वजन हातात आलं, थंड, ओळखीचं, दोन्ही तळव्यांत नेमकं बसणारं. मुलीपेक्षा तो जड होता, तेव्हाही. तिला वाटलं की छातीशी धरावा आणि गाडीत जाऊन बसावं, दार लावून घ्यावं, फ्रिस्को येईपर्यंत कुणाशी बोलू नये. व्हर्नेल बघत नव्हती. ती मुद्दामच दुसरीकडे बघत, पदरावर पुसावी तशी स्वतःच्या शर्टावर ढिगातून निघालेली ती निळी परात पुसत होती; तळाला भोक पडलेली, काठ उडालेला. सरला वाकली आणि वरवंटा ताडपत्रीवर ठेवला, चष्मा आणि गोट्यांची फरशी यांच्या मध्ये.

"अगं, तिथे नको," कॅरोलिन पटकन म्हणाली. "या सगळ्यात तो एकच तर..."

"एकच काय?"

कॅरोलिनची नजर ताडपत्रीवरच्या कपांवरून फिरली आणि परत वरवंट्यावर आली.

"बोल ना. एकच काय?"

नकुल मातीनं भरलेले हात अधांतरी धरून आईकडे बघत होता.

"सोमवारी," सरला म्हणाली, "ज्या ट्रकनी हे आणलं, तेच ट्रक हे परत नेतील. कुठली वस्तू कुणाची ते व्हर्नेल आणि तिचे लोक सांगतील, आणि जे त्यांना सांगता येणार नाही त्याची लाज तुमची. ते गवत काढायचं. सगळं. जमिनीखाली कोण कुठे आहे ते बघायची मशिनं असतात, ती आणायची, त्या ग्रँटमधून. मी इथेच आहे तोवर. गवत काढायला कुणी आलं नाही तर मी काढायला बसेन, आणि मला पकडायला शेरीफला पाठव. त्याचा जन्म प्रतापच्या हातचा आहे, येऊ दे त्याला."

कॅरोलिनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी बंद झालं. ती घाबरली नव्हती. दुखावली होती, जसं एखाद्या आवडत्या पाळीव प्राण्यानं हाताला चावावं. रिकामा टॉवेल तिनं घडी करून पोटाशी धरला.

"सरला," ती हळूच म्हणाली, "तू अशी कधीच नव्हतीस."

"होते," सरला म्हणाली. "पहिल्या वर्षापासून होते."

आणि ती पुढची बशी काढायला वाकली.